तोरणमाळच्या पायवाटा: कुठून चालायचं, कसं चालायचं आणि वाट कोणाला द्यायची

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या माथ्यावर असलेल्या तोरणमाळला येणाऱ्या बहुतेकांची सहल आधीच ठरलेली असते. सातपायरीच्या घाटात गाडी थांबवून फोटो, यशवंत तलावाच्या काठी भजी, सीताखाईच्या कठड्यावरून खाली एक आरोळी आणि अंधार पडायच्या आत शहाद्याला परत. त्यात वाईट काही नाही. पण ज्यांना गाडी लावून दिवसभर पायी फिरायचं आहे, हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. दर वळणावर रंगाचा बाण काढलेली, पर्यटकांसाठी आखलेली वाट मिळेल या आशेनं इथं येऊ नका. ज्या पायवाटांनी तुम्ही चालणार आहात त्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांच्या रोजच्या वहिवाटीच्या आहेत. पाड्यावरून शेतात, शेतातून झऱ्यावर, खालच्या गावातून वर बाजाराला किंवा दवाखान्यात जायला त्या पडलेल्या आहेत. तोरणमाळ ज्यात आहे तो अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी राज्यघटनेनं खास ठरवलेल्या भागात, येतो. १९९६च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभांना विशेष अधिकार आहेत, आणि २००६च्या वनहक्क कायद्यानं रानावरचा लोकांचा हक्क मान्य झाला आहे. थोडक्यात, तुम्ही मोकळ्या जंगलात नसता, कोणाच्या तरी शिवारात असता. खाली जे शिष्टाचार सांगितले आहेत, ते सगळे यातूनच येतात.

कधी यायचं

समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवरचं हे पठार. दक्षिणेला तापीचं खोरं, उत्तरेला नर्मदेचं. चालण्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. गवत अजून हिरवट असतं, वाटा कोरड्या होतात, हवा स्वच्छ असल्यानं दऱ्या तळापर्यंत दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हात बधिर होतील अशी थंडी असते. काही वर्षी दवबिंदू गोठल्याच्या बातम्याही येतात. शहाद्यात दुपारी घाम येत होता म्हणून स्वेटर गाडीतच ठेवणारे पहाटे तलावाकाठी कुडकुडताना दिसतात.

पावसाळ्यात तोरणमाळ सुंदर दिसतं हे खरं, पण ते बघण्यासाठी. लांब चालण्यासाठी नाही. धुकं उतरलं की चार हातांवरचा माणूस दिसत नाही आणि काळ्या पाषाणावरचं शेवाळ कुठल्याच बुटाला दाद देत नाही. पावसाळ्यात यायचंच असेल तर तलाव आणि सीताखाईचा अलीकडचा भाग एवढ्यावर समाधान माना, दरीत उतरू नका.

मार्च ते मे खाली नंदुरबार-शहादा भाजून निघतं आणि वर तुलनेनं गार असतं, म्हणून गर्दी होते. चालणाऱ्यासाठी मात्र हा वणव्याचा काळ आहे, त्याबद्दल पुढे. महाशिवरात्रीला गोरक्षनाथांची यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही भाविक येतात. यात्रा बघायची तर तेव्हा जरूर या. शांतपणे चालायचं असेल तर ते दिवस टाळा.

वर पोचणं

रेल्वेनं येणाऱ्यांना सुरत-भुसावळ मार्गावरचं नंदुरबार किंवा दोंडाईचा सोयीचं. तिथून शहादा, आणि शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, काळापाणी करत वर. शहादा ते तोरणमाळ अंतर साधारण ५५ किलोमीटर. एसटीनं यायचं तर आदल्या दिवशी शहादा आगारात वेळा विचारून घ्या, विशेषतः परतीच्या गाडीची. पेट्रोल, रोख पैसे, रोजची औषधं यांचा बंदोबस्त शहाद्यातच करा. वर मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. नकाशा खाली असतानाच उतरवून ठेवा. मुक्कामाची खोलीही आधी फोन करून पक्की करा. शनिवार-रविवारी "बघू तिथं जाऊन" हे चालत नाही.

वाट निवडणं

पहिल्या सकाळी यशवंत तलावाचा काठ. सपाट, सोपा, घरातल्या वयस्करांनाही झेपणारा. काठालगत काही ठिकाणी चिखल असतो, तिथं वरून वळसा घ्या. उजाडताना निघालात तर पाण्यावरून धुकं उठताना दिसतं आणि पक्षीही तेव्हाच भरपूर असतात. दहानंतर तिथं गाड्यांची गाणी सुरू होतात.

सीताखाई गावापासून जवळ आहे, म्हणूनच लोक ती हलक्यात घेतात. कड्याच्या टोकाला गवत दिसतं तिथं खाली जमीन असेलच असं नाही. गवताचा झुपका नुसताच बाहेर झुकलेला असतो. कठडा ओलांडून फोटो काढू नका, आणि दरीत दगड तर मुळीच टाकू नका. खाली गुरं चरत असतात, गुरांमागे पोरं असतात. तुम्हाला ती वरून दिसत नाहीत.

घाटवाटेवर नागार्जुन आणि मच्छिंद्रनाथांची गुंफा आहे. तिकडे डांबरी रस्त्यानं पायी जायचं तर सकाळी लवकर, समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूनं, एकामागे एक चाला. आंधळं वळण असेल तिथं कडेला थांबून आधी कानोसा घ्या. गुंफेत आणि मंदिरात जोडे बाहेर काढा, आवाज खाली ठेवा. नाथपंथी साधू बसलेले असतील तर विचारल्याशिवाय त्यांचे फोटो घेऊ नका.

खरी पायपीट खडकी पॉइंटची. तिथून खाली डोंगरांच्या रांगांमागे रांगा दिसतात आणि झापी, फलई, सिंदीदिगर अशा गावांच्या दऱ्या उलगडत जातात. पुढे मध्य प्रदेशची हद्द. ही दिवसभराची वाट समजून निघा. पॉइंटवरून खाली उतरायचा मोह होतो, तेव्हा एक हिशेब करा: उतरायला एक तास लागला तर चढायला दीड ते दोन तास धरायचे, आणि तेही दुपारच्या उन्हात. बारा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हे सकाळीच ठरवून टाका. उतारावरचा मुरूम पायाखालून सरकतो. तिथं टाच रोवून, गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाका. झाडाची फांदी धरण्याआधी ती वाळकी नाही ना ते बघा.

वाटाड्या आणि वाट विचारणं

तलाव सोडून कुठेही जायचं असेल तर गावातला माणूस बरोबर घ्या. ज्या हॉटेलात किंवा घरात उतरलात तिथं आदल्या संध्याकाळी सांगितलं की कोणीतरी मिळतंच. पैसे निघण्याआधीच ठरवा, पूर्ण दिवसाचे द्या, जेवण तुमच्या बरोबरीनं. "दोन तासांतच आलो की" म्हणत परतल्यावर पैसे कापणारी मंडळी आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावं की त्या माणसाचा शेतातला दिवस गेलेला असतो.

वाट विचारण्याचीही एक पद्धत आहे. "ही वाट खडकीला जाते ना?" असं विचारलंत तर उत्तर "हो" येईल. पाहुण्याला नाही म्हणायचं जिवावर येतं, शिवाय मराठी अर्धीच कळलेली असते. पावरी ही त्यांची घरची बोली. म्हणून "खडकीची वाट कुठली?" असं विचारा आणि हात कुठे वर होतो ते बघा. अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका. "इथंच आहे, जवळ" म्हणजे त्यांच्या पायांनी जवळ. "पोचेपर्यंत सूर्य कुठे येईल?" हा प्रश्न जास्त कामाचा. ते आकाशाकडे बोट दाखवतात आणि तुम्ही त्यात तास-दीड तास मिळवायचा.

सुरुवात मात्र "राम राम"नं करा. थेट प्रश्न फेकू नका. दादा, ताई, मामा, बाबा, जे वयाला शोभेल ते. "ए", "ओ भाऊ, इकडे ये" ही हाक शहाद्याच्या बसस्टँडवर चालून जाते, पाड्यावर नाही.

पाठीवर काय

माणशी दोन ते तीन लिटर पाणी. शिदोरीला दशम्या आणि ठेचा याहून चांगलं काही मला सुचलेलं नाही. दिवसभर टिकतात, चुरा होत नाही, कागदाचं वेष्टण लागत नाही. टॉर्च, शिट्टी, पट्टी आणि जंतुनाशक, मीठ-साखर, टोपी, अंगभर कपडे. बूट घोट्यापर्यंतचे आणि आधी वापरलेले, नवे कोरे नकोत. कचऱ्यासाठी एक जाड पिशवी. एवढं पुरे.

आधी वाट कोणाला

डोंगरातला सर्वसाधारण नियम असा की चढणाऱ्याला उतरणाऱ्यानं वाट द्यायची. चढणाऱ्याची लय मोडली की ती पुन्हा जमवायला त्रास होतो, आणि वर मान करून समोरचं बघणं त्याला अवघड असतं. आपापसात हा नियम पाळा. पण इथं त्याच्या वरचा एक नियम आहे: ज्याच्या डोक्यावर किंवा खांद्यावर ओझं, त्याला पहिली वाट. तो चढत असो वा उतरत असो.

लाकडाची मोळी घेऊन येणारी बाई जवळून बघा. मान ताठ, एक हात मोळीला, दुसरा तोल सांभाळायला मोकळा. स्वतःचे पाय तिला दिसत नसतात, वाट तिला तळव्यांनी पाठ असते. ती थांबली तर मोळी उतरवणं आणि पुन्हा चढवणं एकटीला जमत नाही. म्हणून ती दिसताक्षणी, पन्नास पावलं आधीच, वाटेतून बाजूला व्हा. नुसतं अंग चोरून उभं राहू नका. मोळीची टोकं दोन्हीकडे हात-हातभर बाहेर आलेली असतात आणि वळणावर ती फिरतात. दोन-चार पावलं वर चढून थांबा, बोलू नका, ती पुढे गेली की निघा. पंगतीत गरम वरणाचं भांडं घेऊन येणाऱ्या वाढप्याला आपण सांगितल्याशिवाय वाट देतोच की.

उभं कुठे राहायचं हेही महत्त्वाचं. नेहमी डोंगराच्या बाजूला, दरीच्या बाजूला कधीच नाही. गुरं येत असतील तर हे विशेष पाळा. बैलाला घाबरून तुम्ही दरीकडे सरकलात आणि त्यानं मान फिरवली, तर जाणार कुठे? शेळ्यांचा कळप आला तर जागेवर स्थिर उभे राहा, तो तुमच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखा निघून जातो. छत्री फटकन उघडणं, हातवारे, पिल्लू उचलून सेल्फी, यातलं काही नको. कळप बिथरला तर तो गोळा करायला एका पोराची दुपार जाते.

आणि झोळी. दऱ्यांतल्या ज्या पाड्यांपर्यंत गाडी पोचत नाही तिथून आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीतून वर आणतात. दोघं खांदा देतात, बाकीचे बदलीला बरोबर धावत असतात. अशी झोळी येताना दिसली तर वाट पूर्ण मोकळी करा, फोन खिशात ठेवा, पाण्याची बाटली पुढे करा. अंगात ताकद असेल तर खांदा द्यायची तयारी दाखवा. त्यांनी नको म्हटलं तर मागे राहा. वर तुमची गाडी असेल तर ती देऊ करा. याचा व्हिडिओ काढणाऱ्याला काय म्हणावं ते मी इथं लिहीत नाही.

आपल्या गटाबद्दल दोन शब्द. सहा-आठ जणांपेक्षा जास्त असाल तर दोन तुकड्या करा. अरुंद वाटेवर पसरून चालू नका, थांबायचं तर वाट सोडून थांबा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. ब्लूटूथचा स्पीकर गाडीतच राहू द्या. दगड निसटला तर लाज न बाळगता "दगड!" म्हणून ओरडा.

पाड्यातून जाताना

इथली घरं एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येक घर आपल्या शेतात, थोड्या उंचवट्यावर. त्यामुळे पायवाट बरेचदा कोणाच्या तरी अंगणातूनच जाते. अंगणाच्या बऱ्याच आधी "राम राम" अशी हाक द्या. एक तर कुत्री तुम्हाला चोर समजत नाहीत, आणि घरातल्या बाईला सावरून बाहेर यायला वेळ मिळतो. शेतातून जायचं झालं तर बांधावरून. पिकात शिरून जवळचा रस्ता काढू नका. वाटेत आडवं लावलेलं काटेरी झापड ओलांडल्यावर पुन्हा होतं तसं लावा, नाहीतर गुरं ज्वारीत शिरतात.

फोटोसाठी विचारा. होळीच्या दिवसांतले चांदीचे दागिने बघून कॅमेरे नुसते सुटतात. नाही म्हटलं तर नाही. झऱ्यावर धुणाऱ्या-अंघोळ करणाऱ्या बायकांकडे कॅमेरा वळवू नका, मुलांचे फोटो आईला विचारून घ्या. मुलांना चॉकलेटं आणि दहा-दहा रुपये वाटू नका. त्यातून गाड्यांमागे धावणारी मुलं तयार होतात. काही द्यायचंच असेल तर शाळेत जाऊन गुरुजींना विचारा काय कमी आहे ते.

पाड्यावर जाऊन "मोहाची मिळेल का?" असं विचारणाऱ्या टोळ्यांनी इथल्या लोकांना पुरता वीट आणला आहे. भले घर कोणाचंही असो, अनोळखी माणसानं दारात येऊन दारू मागावी ही रीत कुठल्या गावाची? आमचूर, सीताफळं, चारोळी, भगर विकायला असेल तर ती विकत घ्या. भाव करा, पण रस्त्यावरच्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करून मग हॉटेलात टीप ठेवू नका.

झाडाखाली शेंदूर लावलेले दगड, कोरलेले लाकडी खांब, मातीचे घोडे दिसले की समजा देवाचं ठिकाण आहे. वाघदेव असेल, गावदेव असेल. हात लावू नका, वर बसू नका, तिथली वस्तू उचलू नका. पूजा चालू असेल तर लांब थांबा. बोलावलं तर जोडे काढून जा.

रान, मोह, वणवा आणि एक घुबड

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं टपटपतात आणि घरची सगळी माणसं ती वेचायला झाडाखाली असतात. झाडं रानात असली तरी कोणतं झाड कोणत्या घराचं हे ठरलेलं असतं. झाडाखालची जागा झाडून साफ केलेली दिसली तर तिच्यावरून चालू नका. फुलं तुडवणं म्हणजे वेचणाऱ्याचे पैसे तुडवणं.

याच दिवसांत सागाची पानं गळून वाटेवर गुडघाभर पाचोळा साचतो. त्यात एक बिडी पुरते. राखीव वनात आग लावणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी वारा सुटल्यावर ती आग विझवणं तुमच्या हातात राहत नाही. रानात धूम्रपान नको, चूल नको, शेकोटी नको. मुक्कामाच्या आवारात शेकोटी केलीत तर झोपण्याआधी पाणी ओता, राख चाळवा, पुन्हा पाणी ओता, आणि हात जवळ नेऊन धग नाही याची खात्री करा.

आता घुबड. रानपिंगळा हा पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीनं दिसलाच नव्हता. तो संपला असंच मानलं जात होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबट यांना तो सापडला, आणि तोही आपल्या शहाद्याजवळच्या रानात. म्हणजे ११३ वर्षांनी. तोरणमाळचं वनक्षेत्र हे त्याचं घर. हे घुबड दिवसाही जागं असतं, सागाच्या उघड्या फांदीवर उन्हात बसतं. गावातल्या नेहमीच्या पिंगळ्यापेक्षा त्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतात, शेपटीवरचे पट्टे ठसठशीत आणि पाय दणकट. दिसला तर जागेवर थांबा, दुर्बिणीतून बघा आणि निघा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. हद्दीत दुसरा आला समजून तो शिकार सोडून भांडायला येतो. ढोलीजवळ घोळका करू नका, आणि घरट्याची नेमकी जागा फोटोबरोबर टाकू नका. घुबडांचे जादूटोण्याच्या नावाखाली बळी घेणारे लोक अजून आहेत.

माकडांना खायला देऊ नका. अस्वल आणि बिबट्याचं रान आहे, म्हणून पहाटेच्या अंधारात आणि दिवेलागणीनंतर पायवाटेवर राहू नका.

कचरा आणि पाणी

जे आणलं ते परत न्यायचं, शहाद्यापर्यंत. गुटख्याची पुडी, संत्र्याची साल, ओला टिश्यू, सगळं. काचेच्या बाटल्यांबद्दल मुद्दाम सांगतो. पॉइंटवर दगडावर आपटून फोडलेली बाटली कोणाच्या पायात जाते? अनवाणी गुराख्याच्या आणि त्याच्या बैलाच्या.

शौचाला जायचं तर पाण्यापासून आणि वाटेपासून किमान साठ-सत्तर पावलं लांब. काठीनं वीतभर खोल खड्डा करा, माती लोटा, वर दगड ठेवू नका. सॅनिटरी पॅड पुरू नका, पिशवीत परत आणा. झऱ्यात साबण, शाम्पू नको. खालच्या पाड्याचं प्यायचं पाणी तेच असतं. हात धुवायचे तर बाटलीत पाणी घेऊन वाटेकडेला धुवा.

काही बिघडलं तर

निघताना मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवा: कुठे चाललो, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत परत. वाट चुकली तर आधी थांबा. ओढ्याच्या कडेनं खाली उतरत गेलं की गाव लागतं ही समजूत इथं घातक आहे, कारण ओढे कड्यावरून खाली पडतात. ओळखीच्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. रेंज असेल तिथून १०८ला फोन करा आणि दवाखान्याकडे निघा. वाटेत कोणी भगताचं नाव सुचवलं तरी आधी दवाखाना. विजा कडाडू लागल्या तर पठाराचा उघडा माथा आणि एकटं झाड दोन्ही सोडा.

परतीचा घाट उजेडात उतरा. सातपायरीला हलक्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय दाबून न धरता. समोरून चढणारी गाडी दिसली तर रुंद जागा बघून तुम्ही थांबा, कारण घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा वाहतुकीचाही नियम आहे. वळणावर हॉर्न एकदाच द्या, दिवे खाली ठेवा, आणि काळापाण्याच्या पुढे रस्त्यानं पायी परतणारी माणसं दिसली तर वेग कमी करा. त्यांच्या डोक्यावर बाजार असतो.